मधेच उठून जायची परवानगी

महिनाभराच्या सुट्टीवर गुहागरला आले आहे, पण डोक्यातून स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची ती खोली जात नाही. खिडकी नसलेली. एक टेबल, एक संगणक, पाण्याची बाटली आणि चार पानांचं माहितीपत्रक. मानसशास्त्राच्या प्रयोगासाठी माणसं हवी होती, एक तास, दहा पौंड, म्हणून गेले होते. संशोधक मुलगी म्हणाली, "सावकाश वाचा. वाटलं तर मधेच उठून जा. कारण विचारणार नाही, आणि पैसे पूर्ण मिळतील."

मी तिच्याकडे बघतच राहिले. असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

मी नववीत असताना एका कॉलेजची मुलं आमच्या वाडीत पाहणीला आली होती. झोप लागते का, उदास वाटतं का, असले प्रश्न. आजी ओटीवर सुपारी सोलत बसलेली. कागद तिला कुणी वाचून दाखवला नाही, अंगठा मात्र घेतला. नंतर ती मागीलदारी नारळाच्या सोडणाने अंगठा घासत होती, तरी निळी शाई दोन दिवस गेली नाही. मुलं परत फिरकली नाहीत, काय निष्पन्न झालं तेही कळलं नाही. आजीला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. दारी आलेल्याने विचारलं, तिने सांगितलं, वर कोकम सरबत दिलं. हा मोकळेपणा आपलाच, तिकडे शेजारणीचं नाव कळायला मला आठ महिने लागले. म्हणूनच त्या अंगठ्याचा मला आता राग येतो.

प्रयोग तसा साधा. पडद्यावर 'लाल' शब्द हिरव्या रंगात येतो, आपण रंग ओळखायचा. स्ट्रूप नावाच्या माणसाने 1935 मध्ये मांडलेली ही चाचणी. जीभ शब्दाकडेच धावते. चुकले की छातीत धडधडायचं, परीक्षाच जणू. पण इथे पास-नापास नसतं, आणि 'तुमचं मन असं आहे' असा निकालही कुणी हातात देत नाही. उत्तरांवर नावाऐवजी क्रमांक पडतो.

शेवटी मुलीने सांगितलं की खरा विषय वेगळाच होता. 'बहुतेकांना हे सोपं जातं' असं सुरुवातीला काही जणांनाच सांगायचं आणि त्याने चुका वाढतात का, ते पाहायचं. मला ते सांगितलं होतं. मी चिडले. फसवलं की हो! पण आधी कळलं असतं तर मी वेगळी वागले असते, हेही खरं. तिने सगळं उलगडून सांगितलं आणि पुन्हा विचारलं, "तुमची उत्तरं ठेवू की काढून टाकू?" मी ठेवा म्हटलं.

ही काळजी त्यांच्याकडेही पहिल्यापासून नव्हती. 1961 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने चार डॉलर देऊन माणसं बोलावली आणि दुसऱ्या माणसाला विजेचे झटके द्यायला लावले. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना खरे वाटत होते. थांबायचं म्हणणाऱ्याला 'पुढे चालू ठेवा' सांगितलं जायचं. पहिल्या चाळीसपैकी सव्वीस जण शेवटच्या 450 व्होल्टपर्यंत गेले. त्यावर पुढे फार टीका झाली.

आणि नियम आपल्याकडे नाहीत असं कुणी समजू नये. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मधेच बाहेर पडायचा हक्क त्यातही आहे. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना त्रयस्थ, साक्षर साक्षीदार हवा, असंही त्यात आहे.

परवा एक विद्यार्थिनी प्रश्नावली घेऊन वाडीत आली. आईने तिला ओटीवर बसवलं आणि म्हणाली, "आधी सगळं वाच बघू, मग मी सांगते." तिने पहिल्यापासून वाचलं. बाबांच्या आजारपणाचा प्रश्न आला तेव्हा आई म्हणाली, "हे नको." मुलीने ती जागा कोरी ठेवली आणि पुढचा प्रश्न विचारला.