३२ पिक्सेलांतला हापूस

देवगडच्या बागायतदाराचा काँप्युटर घ्या नाहीतर तारकर्लीच्या न्याहारी-निवासातला. डेस्कटॉपवर एकसारख्या पिवळ्या फोल्डरांची रांग असते: पेट्यांची बिलं, ट्रकच्या पावत्या, बुकिंग, गेल्या सालचं बुकिंग. नाव वाचल्याशिवाय कशात काय आहे ते कळत नाही. प्रत्येक फोल्डरला स्वतःचा आयकॉन दिला की ही शोधाशोध थांबते. त्यासाठी विकतचं काही लागत नाही. विंडोजमधलं पेंट आणि फुकट मिळणारं गिंप हे चित्रांचं सॉफ्टवेअर पुरतं.

आंब्याचा मोबाइलवरचा फोटो लहान करून आयकॉन बनवण्याचा मोह होतो. पण त्यातून निघतो तो पिवळसर डाग. फोटो लहान होताना आजूबाजूच्या शेकडो पिक्सेलांची सरासरी एका पिक्सेलात येते, आणि देठ, पान, खांद्यावरची लाली सगळं त्या सरासरीत जातं. आयकॉनच्या एकाच फाइलीत चित्राचे लहान-मोठे अनेक आकार असतात; माझं ठाम मत आहे की त्यातले ३२ आणि १६ पिक्सेलांचे आकार हातानेच काढावेत.

काय काढायचं हे ठरवताना सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे तिथले गोल चित्रांचे पत्ते, जरूर पाहावी. दशावतारी गंजिफेत १० रंग, प्रत्येकाची १२ पानं, एकूण १२०. त्या छोट्या गोल पानावरचा मासा, कासव, परशू नुसत्या बाह्यरेषेवरून ओळखू येतो. आयकॉनलाही तेच लागतं: आकृती पूर्ण काळी केली तरी ती कशाची आहे ते कळलं पाहिजे. या कसोटीवर पापलेट सहज उतरतं, पण बांगडा आणि सुरमई ३२ पिक्सेलांत सारखेच दिसतात. कोकमाचं फळ म्हणजे नुसता लाल गोळा, त्याच्या नादी लागू नये. माड जमतो, पण चार-पाचच झावळ्या काढायच्या, आणि खोड वाकडं ठेवायचं.

आता हापूस. पेंटमध्ये कंट्रोल-ई दाबून कॅनव्हास ३२ बाय ३२ पिक्सेल करा, झूम ८०० टक्के, आणि कंट्रोल-जीने जाळी चालू करा. सगळी पार्श्वभूमी झगझगीत मॅजेंटाने भरा (लाल २५५, हिरवा ०, निळा २५५). हा रंग आंब्यात कुठेच येत नाही, त्यामुळे नंतर तो बिनधास्त पुसता येतो. पांढरी पार्श्वभूमी ठेवली तर फळावरची पांढरी चमकही तिच्याबरोबर पुसली जाते. हत्यारं फक्त दोन वापरायची, पेन्सिल आणि बादली. ब्रश, तयार आकार आणि टेक्स्ट यांच्या कडा पेंट मऊ करतं, म्हणजे कडेच्या पिक्सेलांत मॅजेंटा मिसळतो आणि शेवटी आंब्याभोवती गुलाबी किनार उरते.

चारही बाजूंनी एक-एक पिक्सेल मोकळा सोडा. फळ साधारण २० रुंद, २४ उंच, किंचित तिरकं. बाह्यरेषा गडद तपकिरी. काळी फार कडक दिसते, आणि रेषाच नसेल तर उजळ वॉलपेपरवर फळ हरवतं. आत केशरी-पिवळा, खालच्या उजव्या कडेला दोन पिक्सेल जाडीची गडद छटा, देठाजवळच्या खांद्यावर सहा-आठ पिक्सेल लाली, चमकेसाठी तीन पिक्सेल. देठ दोन पिक्सेलांचा, पान एकच. १६च्या चित्रात लाली आणि चमक दोन्ही सोडून द्यायची. फळ, पान आणि रेषा, बस्स. दोन्ही चित्रं पीएनजीत सेव्ह करा. जेपीजी कडांना रंगीत कचरा आणतं, मॅजेंटाही एकसारखा राहत नाही.

मोठा आकार गिंपमध्ये काढायचा: २५६ बाय २५६ची नवीन इमेज, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये फिल विथ ट्रान्सपरन्सी. इथे ब्रश खुशाल वापरा. चित्र झालं की त्या लेयरच्या (थराच्या) दोन प्रती काढून स्केल लेयरने एक ६४ची, एक ४८ची करा. इथे स्केल इमेज वापरलं तर सगळेच लेयर लहान होतात. मग ओपन अ‍ॅज लेयर्सने पेंटमधली दोन चित्रं आत घ्या. त्या प्रत्येक लेयरला आधी अ‍ॅड अल्फा चॅनल (पारदर्शकतेची सोय) करणं भाग आहे, नाहीतर डिलीट केल्यावर पारदर्शक जागेऐवजी पार्श्वभूमीचा रंग भरला जातो. सिलेक्ट बाय कलर, थ्रेशोल्ड ०, अँटीएलियासिंग बंद, मॅजेंटावर क्लिक, डिलीट. जादूची कांडी (फझी सिलेक्ट) फक्त लागून असलेला रंग पकडते, त्यामुळे झावळ्यांमधल्या बंद फटी तशाच राहतात.

अधूनमधून मूळ फाइल गिंपच्या एक्ससीएफ रूपात सेव्ह करत राहा; पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. शेवटी एक्स्पोर्ट अ‍ॅज, नावापुढे डॉट आयसीओ. प्रत्येक लेयर एक आकार म्हणून त्याच फाइलीत जातो. सगळ्यांना ३२ बीपीपी, ८ बिट अल्फा निवडा, आणि २५६ला पीएनजी कॉम्प्रेशनची खूण करा. डेस्कटॉपचे मध्यम आयकॉन १०० टक्के स्केलिंगला ४८ पिक्सेलांचे असतात, १२५ टक्क्यांना ६०. म्हणून ४८ आणि ६४ दोन्ही हवेत. जवळचा आकार फाइलीत नसला की विंडोज दुसराच ओढूनताणून बसवतं आणि चित्र धुरकट होतं.

लावणं सोपं आहे. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइज, चेंज आयकॉन. शॉर्टकट असेल तर शॉर्टकट टॅबमध्ये चेंज आयकॉन. सुट्या फोटोला किंवा एक्सेलच्या एकाच फाइलीला असा वेगळा आयकॉन देता येत नाही. तिचा शॉर्टकट करून त्याला द्यावा लागतो.

आयसीओ फाइल डाउनलोड्समध्ये ठेवू नका. विंडोज चित्राची कायमची प्रत ठेवत नाही, फक्त पत्ता लिहून ठेवतं. साफसफाईत फाइल गेली की आयकॉनही गेला. चित्र सुधारून त्याच नावाने सेव्ह केलं तर बरेचदा जुनंच दिसत राहतं, कारण विंडोज आयकॉन कॅशमधून, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातून, दाखवतं. कॅश पुसत बसण्यापेक्षा नव्या नावाने, म्हणजे आंबा-२ अशी फाइल काढून ती लावणं सोपं.

चित्राऐवजी अक्षर हवं असेल तर तेही पेन्सिलनेच काढा. शिरोरेषा नेमकी पूर्ण पिक्सेलांच्या ओळीवर बसवा, ३२ला दोन ओळी जाड, १६ला एक. ती दोन ओळींच्या मध्ये आली की करडी होते आणि अक्षर विटल्यासारखं दिसतं. १६ पिक्सेलांत ग, प, म छान वाचता येतात. जोडाक्षरं टाळा; क्ष आणि ज्ञ तिथे नुसता गुंता होतात.