सारमानस ते मुरगाव, भरतीच्या वेळापत्रकावर

बेळगावात माझं ट्रान्सपोर्टचं छोटं ऑफिस आहे. बिल्टी फाडताना गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारतं, "माल कधी पोचेल?" मी म्हणतो, "उद्या." गेली बावीस वर्षं म्हणतोय. गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटात एखादा ट्रक आडवा झाला की उद्याचा परवा होतो, आणि फोनवर शिव्या मला खाव्या लागतात.

म्हणून नदीची वाट कशी चालते ते बघायला फेब्रुवारीत एका ओळखीच्या माणसाच्या शब्दावर गोव्यात मांडवी नदीवरच्या सारमानसच्या जेट्टीवरून मुरगाव बंदराकडे निघालेल्या लोखंडाच्या खनिजाच्या बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर, चढलो. पहाटे साडेपाचला हजर राहा, असा निरोप होता. पावणेसहाला गेलो असतो तर बार्ज सुटली असती. जेट्टीजवळ तळ उथळ, त्यामुळे भरलेली बार्ज ऐन भरतीलाच हलवायची आणि मग सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, ओढीबरोबर खाली जायचं. आमच्या धंद्यात पंधरा मिनिटांना कोणी उशीर म्हणत नाही.

खनिज म्हणजे लाल माती, तिचं काय एवढं, असं वाटत होतं. मग हिशेब केला. बार्जमध्ये साधारण 2000 टन माल. खाणीतून जेट्टीपर्यंत तो आणणाऱ्या टिप्परमध्ये 10 टन मावतो. म्हणजे माझ्या पायाखाली 200 गाड्या चालल्या होत्या, आणि चालवायला मोजकी माणसं. वेग ताशी बारा-पंधरा किलोमीटर. सायकलवालासुद्धा पुढे गेला असता.

उजवीकडे दिवाडी बेट, डावीकडे झाडीतून वर आलेले जुन्या गोव्याचे पांढरे मनोरे. पुढे चोडण बेटाची खारफुटी, तिच्यात बगळे. रायबंदरच्या काठाला रस्ता नदीला चिकटून जातो. तिथे गाड्यांची रांग लागली होती आणि आम्ही तिच्या बाजूने संथपणे पुढे सरकत होतो. खरं सांगायचं तर मला आसुरी आनंद झाला.

मालवणकडचा एक खलाशी चहा घेऊन आला. त्याला माझा धंदा सांगितला तर हसला. "रस्त्यार कधी काय होयत सांगता येवचा नाय, साहेब. भरतीचो टायम मात्र छापलेलो आसता." भरती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. त्या हिशेबाने कॅप्टनने पुढच्या चार खेपांच्या वेळा खडूने भिंतीवर लिहून ठेवल्या होत्या. बावीस वर्षांत मला एका ट्रकची वेळ अशी लिहिता आलेली नाही.

पणजीत पुलांखालून गेलो. इथला आधीचा पूल 5 जुलै 1986 ला कोसळला होता. तेव्हा मांडवी ओलांडायला फेरीबोटींचाच मोठा आधार होता. आता त्याच पात्रात कॅसिनोची जहाजं उभी आहेत. सकाळी त्यांच्यावर चादरी वाळत होत्या.

नदीही भाबडी नाही, हे आग्वादजवळ, नदी समुद्राला मिळते तिथे कळलं. तिथे पाण्याखाली वाळूचा बार, म्हणजे उंचवटा आहे. पावसाळ्यात त्याच्यावर लाटा फुटतात आणि बार्जना हा रस्ता बंद होतो. मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत उतरून मुरगाव गाठायचं. "म्हणजे तुमचाही घाट आहेच," मी म्हटलं. कॅप्टन म्हणाले, "आहे. पण तो कधी बंद होणार ते आम्हाला आधी ठाऊक असतं."

काबोच्या टोकाला वळसा घातल्यावर समुद्राने बार्ज थोडी डोलवली, मी कठडा धरला. पुढे मुरगाव दिसायला लागलं.

एक गोष्ट मात्र या लोकांनीच दाखवून दिली. नदीने कधी धूळ उडवली नाही. उडाली ती खाण ते जेट्टी या काही किलोमीटरच्या रस्त्यावर, टिप्परच्या रांगांमुळे, गावागावांतून. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, 2018 मध्ये पुन्हा. तेव्हा याच बार्ज काठाला बांधून गंजत होत्या. भरती रोज येत होती, माल नव्हता. एकाच मालावर जगणारी वाट कितीही भरवशाची असली तरी तिचा भरवसा तेवढाच. 2016 च्या कायद्याने मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवे हे तिन्ही राष्ट्रीय जलमार्ग झाले, पण त्या दिवशी मला खनिजाशिवाय दुसरा माल काही दिसला नाही.

धक्क्याला लागल्यावर ग्रॅब, म्हणजे क्रेनचा पंजा, खाली आला आणि एका घासात कितीतरी टन उचलून घेऊन गेला. मी खलाशाला विचारलं, माझ्या सिमेंटच्या गोणी, कांद्याची पोती न्याल का बेळगावच्या बाजूला, निदान उसगावपर्यंत? त्याने ग्रॅबकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नेव. पण जेट्टीर उतरवतलो कोण? हमाली तुमी देतल्यात?"