बरा, बराच आणि अगदी

इंग्लंडात येऊन चार महिने झाले होते. एका छोट्या नदीला पूर आला तर पाणी कुठवर चढेल, याचा साठेक पानांचा अहवाल मी लिहून दिला होता. आमच्या साहेबांनी तो वाचून परत पाठवला. (इथे साहेबांनाही नुसत्या नावाने हाक मारतात. मी तोंडाने मारते, मनात ते साहेबच.) पहिल्याच पानावर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने चार शब्दांचा शेरा होता: 'धिस इज क्वाइट गुड.'

मी त्या कोपऱ्याचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. बाबांनी लगेच विचारलं, "व्हेरी गुडच्या वरचं का गं हे?" मी बेधडक "हो" लिहिलं. शाळेत क्वाइट म्हणजे 'अगदी, पूर्णपणे' असंच पाठ केलं होतं. त्या हिशेबाने मला 'अगदी छान' मिळालं होतं.

दोन दिवसांनी साहेबांनी समोर बसवलं आणि सव्वा तास दुरुस्त्या सांगितल्या. आवाज मऊ, चेहरा हसरा. पाचव्या प्रकरणाच्या समासात त्यांनी 'नॉट क्वाइट' एवढंच लिहिलं होतं. मला वाटलं, एखादा आकडा इकडचा तिकडे झाला असेल. ते प्रकरण मला पहिल्या ओळीपासून नव्याने लिहावं लागलं.

शेजारच्या टेबलावरची सहकारीण इथलीच, चार पिढ्या याच परगण्यातली. तिला मी तो शेरा दाखवला. ती आधी हसली, मग म्हणाली, "तुला ते 'ठीक आहे' म्हणालेत. वाईट नाही वाटून घ्यायचं, पण पेढे वाटण्यासारखंही नाही." (पेढे अर्थात माझे, ती केक म्हणाली होती.) मग तिने मला ते दोन शब्द दोनदा म्हणून दाखवले. पहिल्यांदा जोर 'क्वाइट'वर दिला, सूर थोडा वर नेऊन अर्ध्यावर सोडला: 'इट्स क्वाइऽट गुड.' ऐकतानाच पुढचा 'पण' कानावर यायला लागतो. दुसऱ्यांदा जोर 'गुड'वर: 'इट्स क्वाइट गुऽड.' म्हणजे, अरे, वाटलं होतं त्यापेक्षा चांगलं निघालं की! शब्द तेच, अर्थात पास आणि फर्स्ट क्लास एवढा फरक. कागदावर पेन्सिलीने लिहिलेल्या शेऱ्याला सूर नसतो, ही माझी अडचण.

त्यानंतर मी या शब्दाच्या मागेच लागले. आधी एक सांगते, मी त्याच्या स्पेलिंगबद्दल बोलत नाही. शांत या अर्थाचा क्वायट आणि हा क्वाइट यांची अदलाबदल इंग्रज पोरंही करतात. शेवटची दोन अक्षरं उलटसुलट झाली की वर्ग 'शांत' राहण्याऐवजी 'बराचसा' राहतो. ती चूक लाल शाईने सुटते. खरी पंचाईत अर्थाची आहे.

डिक्शनरीत दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात: 'पूर्णपणे' आणि 'बऱ्यापैकी'. कुठला कधी, हे बरंचसं पुढच्या शब्दावरून ठरतं. ज्या गोष्टीत कमी-जास्त असू शकतं, म्हणजे चांगलं, थकलेलं, महाग, थंड, तिथे इंग्रजांचा क्वाइट माप कमी करतो. क्वाइट टायर्ड म्हणजे थकलोय, पण चालेल अजून मैलभर. ज्या गोष्टीत अधलंमधलं काही नसतं तिथे तोच क्वाइट भांडं काठोकाठ भरतो. क्वाइट इम्पॉसिबल म्हणजे साफ अशक्य. क्वाइट राइट म्हणजे अगदी बरोबर. क्वाइट डेड म्हटलं तर माणूस बऱ्यापैकी मेलेला नसतो, गेलेलाच असतो. क्वाइट डिफरंट म्हणजेही पूर्ण वेगळं, आणि इथे मी पुन्हा एकदा फसले होते. 'तुमचा आराखडा आमच्यापेक्षा क्वाइट डिफरंट आहे' हे ऐकून मला वाटलं थोडाफार फरक असेल.

क्रियापदांचं तर आणखी अवघड. 'आय क्वाइट लाइक इट' म्हणजे बरं वाटतं, आवडतं म्हणायला हरकत नाही. 'आय क्वाइट अग्री' म्हणजे शंभर टक्के सहमत. दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून, एकाच मीटिंगमध्ये मी ऐकलेली आहेत.

तिसरी तऱ्हा म्हणजे पुढे 'अ' जोडून येणारा. 'अ फ्यू' म्हणजे थोडे, मग 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे बरेच थोडे, म्हणजे फारच थोडे, असं कुणाही शहाण्या माणसाला वाटावं. ते असतात पुष्कळ! ऑफिसच्या एका कार्यक्रमाला क्वाइट अ फ्यू लोक येणार म्हणून कळवलं होतं आणि मी खुर्च्या मांडल्या होत्या बारा. उरलेले सगळे भिंतीला टेकून उभे.

हे सगळं मला महिनाभर वेडेपणाचं वाटत होतं. मग एक दिवस फोनवर आई म्हणाली, "आता बरं आहे गं मला. काल बराच ताप होता." आणि मी थांबलेच. बरा म्हणजे चालण्याजोगा. त्याला नुसता 'च' लागला की बराच, म्हणजे पुष्कळ. मुलगा बरा आहे म्हटलं की ऐकणाऱ्याची भुवई किंचित वर जाते. बरेच लोक आले म्हटलं की खुर्च्या कमी पडतात. इंग्रजांनी तो 'च' काढून तिथे 'अ' ठेवलाय, एवढंच. आणि पूर्णत्वाच्या बाजूला आपला 'अगदी' आहे. अगदी बरोबर, अगदी अशक्य. एवढंच नाही, समोरच्याचं म्हणणं पटलं की आपण एका शब्दात म्हणतो, "अगदी!" इथले जुने लोकही मान डोलावून एकच शब्द म्हणतात, "क्वाइट." फक्त आपण उत्साहाने म्हणतो आणि त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नाही. तेव्हा बरा, बराच आणि अगदी हे तिघं भाऊ एका खोलीत कोंबले की इंग्रजांचा क्वाइट तयार होतो. भावांना ओळखायचं ते आवाजावरून आणि सोबत कोण आहे त्यावरून.

मग हा शब्द आला कुठून ते शोधलं, आणि इथे मला खरी मजा आली. क्वाइट आणि क्वायट ही सख्खी भावंडंच निघाली. मूळ लॅटिन क्विएटस, म्हणजे शांत, निवांत. तो शब्द फ्रेंचमधून फिरून आला तेव्हा त्याला 'देण्यातून मोकळा' असा अर्थ चिकटलेला होता. नोकरी सोडायची ती क्विट, फिटंफाट झाली की क्विट्स, कोर्टातून निर्दोष सुटला की अक्विट, सगळे याच घरातले. आपला 'चुकता' आठवतो की नाही? हिशेब चुकता झाला, म्हणजे पूर्ण झाला, म्हणजे डोक्याला शांतता. त्या 'पूर्ण'मधून क्वाइटचा 'पूर्णपणे' आला, आणि 'बऱ्यापैकी' हा अर्थ नंतरची झीज. म्हणजे शाळेत पाठ केलेला अर्थ चूक नव्हता, फक्त जुना होता. मला यातून उगीचच फार समाधान मिळालं.

एवढं शिकून मी तयार झाले आणि आमच्या कामात एक अमेरिकन सल्लागार आला. माझी आकडेमोड बघून त्याने मेलमध्ये लिहिलं, 'क्वाइट थरो.' मी दोन दिवस धुसफुसत होते. बऱ्यापैकी काटेकोर म्हणजे काय? कुठे राहिलं काटेकोर व्हायचं? सगळे तक्ते पुन्हा तपासले, एक चूक सापडेना. शेवटी त्यालाच विचारलं तर तो चक्रावला. म्हणाला, मी तर कौतुक केलं होतं! अमेरिकेत क्वाइट बहुतेक वेळा माप वाढवतो, साधारण 'व्हेरी'च्या घरात. आमच्या साहेबांचं 'क्वाइट गुड' त्याने ऐकलं असतं तर माझ्या बाबांसारखाच खूश झाला असता.

या दोन देशांचं हे जुनंच दुखणं आहे. दुसऱ्या महायुद्धातला एक किस्सा चर्चिल यांनी लिहून ठेवलाय. ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक कागद 'टेबल' करायचा होता, म्हणजे त्यांच्या भाषेत लगेच चर्चेला घ्यायचा होता. अमेरिकनांच्या लेखी टेबल करणं म्हणजे बाजूला ठेवून देणं. महत्त्वाचा कागद असा बाजूला कसा ठेवता, म्हणून ते अडून बसले. बराच वेळ कडाक्याचा वाद झाला, आणि मग लक्षात आलं की दोघांना एकच गोष्ट हवी आहे.

आता मला साधारण कळतं. लेखी क्वाइट आला आणि माणूस इंग्रज असला तर मी सरळ विचारते, कुठलं पान पुन्हा लिहू? साहेबांना ते आवडतं. क्वाइट आवडतं की अगदी आवडतं, ते अजून ठरलेलं नाही.

घरी मात्र त्या पेन्सिलीच्या शेऱ्याने कायमचं बस्तान बसवलंय. मी राहायला गेलेल्या नव्या जागेचा फोटो, भाचीचं चित्र, ताईच्या बढतीची बातमी, काहीही ग्रुपवर आलं की बाबा खाली लिहितात, 'क्वाइट गुड!' त्यांच्याकडे यापेक्षा वरचा शेरा नाही. मी अजून खुलासा केलेला नाही.