तंबूत पिस्तूल नेता येतं का? अमेरिकेतल्या जॉर्जियातला माझा अनुभव

नियम आधी माझ्या लेकीच्या नजरेस पडला. २०१८चा मार्च होता. अटलांटाच्या उत्तरेला एका मोठ्या तळ्याकाठी कॅम्पिंगची जागा बघायला आम्ही दोघी गेलो होतो. फाटकाजवळच्या फलकापाशी ती थबकली आणि म्हणाली, "आई, इथे धनुष्यबाणसुद्धा चालत नाही." तेव्हा ती बारा वर्षांची, शाळेत नुकतीच तिरंदाजी शिकायला लागलेली. तिला तेवढंच दिसलं. मला त्याच्या आधीचे शब्द दिसले: गोळ्या भरलेलं शस्त्र, काडतुसं.

माझ्या पर्समध्ये तेव्हा जॉर्जिया राज्याचा शस्त्र बाळगण्याचा परवाना होता, नवा कोरा. पिस्तूल सुदैवाने घरी, कपाटाच्या तिजोरीत होतं. परवाना हातात आला म्हणजे काम झालं, अशी माझी समजूत होती.

पिस्तूल मी हौसेने घेतलेलं नाही. आधीच्या ऑक्टोबरात आम्ही दोघीच तंबूत झोपलो होतो. रात्री कुणीतरी तंबूभोवती फिरलं, चेन दोन-तीन इंच ओढली आणि निघून गेलं. कोण होतं ते कधीच कळलं नाही. नवरा कामासाठी महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. कॅम्पिंग सोडायचं का, असं त्याने विचारलं. मला ते सोडायचं नव्हतं. लेकीला तर मुळीच नाही.

साताऱ्याला बाबांना फोन केला. बाबा सैन्यातून निवृत्त झालेले, घरात परवान्याची बारा बोअरची बंदूक. निवडणूक आली की ती चादरीत गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची आणि निकालानंतर परत आणायची, हे मी लहानपणापासून बघत आले. मी पिस्तूल घेतेय म्हटल्यावर ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठे न्यायचं आणि कुठे नाही, हे कोण सांगणार तुला तिथे?" मी म्हटलं, "कोर्टातून परवाना मिळतो बाबा, तेच सांगतील." तसं काही नसतं, हे नंतर कळलं.

खरेदीचं फार सांगण्यासारखं नाही. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, एफबीआयच्या यंत्रणेतून पार्श्वभूमी तपासली जाते. परवान्यासाठी काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) प्रोबेट कोर्टात, म्हणजे एरवी मृत्युपत्रं-वारसा बघणाऱ्या कोर्टात अर्ज, बोटांचे ठसे, फी आणि काही आठवडे वाट बघणं. मी तोवर अमेरिकेची नागरिक झाले होते, म्हणून हे सरळ झालं.

इथे थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपली कितीतरी मुलं-मुली एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असताना मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर जातात, भाड्याने पिस्तूल घेतात, फोटो काढतात. स्थलांतरित नसलेल्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, आणि रेंजवर हातात घेतलेली बंदूकही त्यात मोजली जाते. अपवाद थोडे आहेत. त्यातला नेहमी कामी येणारा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना जवळ असणं. मी स्वतः एच-वनवर असताना ऑफिसच्या मंडळींबरोबर एकदा निघाले होते. ऐन वेळी ताप आला म्हणून गेले नाही. तो ताप आला नसता तर पुढे नागरिकत्वाच्या मुलाखतीत काय झालं असतं, याचा विचार करून आजही पोटात गोळा येतो. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत कृपा करून जाऊ नका.

तर तो फलक. दुसऱ्या दिवशी मी तळ्याच्या कार्यालयात फोन लावला. रेंजरबाई शांतपणे, घाई न करता बोलल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ही जमीन कुणाची आहे, माहीत आहे का तुम्हाला?" मी म्हटलं, "सरकारची." त्या म्हणाल्या, "कोणत्या खात्याची?" मला उत्तर देता आलं नाही.

अटलांटाजवळची अलाटूना आणि लेनिअर ही दोन्ही मोठी तळी माणसाने बांधलेली आहेत. एटोवा आणि चॅटाहूची नद्यांवर धरणं घातली ती लष्कराच्या इंजिनिअरांच्या दलाने, म्हणजे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने. देशभरात अशी चारशेहून जास्त तळी आणि नदीप्रकल्प कोअरकडे आहेत, आणि त्यांच्या काठांवर लाखो लोक तंबू ठोकतात. या जमिनीवर कोअरचा स्वतःचा नियम चालतो. गोळ्या भरलेलं शस्त्र, काडतुसं, धनुष्यबाण, क्रॉसबो, सगळ्याला बंदी. सूट चार प्रकारची: पोलीस अधिकारी, परवानगी असलेली शिकार किंवा मासेमारी (तीही जाता-येता शस्त्र रिकामं ठेवून), अधिकृत शूटिंग रेंज, आणि कोअरच्या जिल्हा कमांडरची लेखी परवानगी. नियम मोडला तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

"पण राज्याचा परवाना?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तो फाटकाबाहेर." गाडीत ठेवलं तर? गाडीही फाटकाच्या आतच असते. रिकामं पिस्तूल, काडतुसांशिवाय? शब्दशः बघितलं तर त्याला बंदी नाही. पण त्या रात्री माझ्या तंबूची चेन ओढली गेली होती, तेव्हा रिकाम्या पिस्तुलाने मी काय केलं असतं?

मग मी त्या लेखी परवानगीसाठी अर्ज लिहिला. दोन्ही तळी कोअरच्या ज्या जिल्ह्यात येतात त्याचं मुख्यालय अलाबामात मोबील शहरात. परवान्याची प्रत, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, ऑक्टोबरच्या रात्रीची हकिगत, तारखा, जागेचा क्रमांक, सगळं जोडलं. अर्ज तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिला. आधीच्या तिन्हींत मी विनवणी करत होते आणि ते मला आवडत नव्हतं.

उत्तराची वाट बघताना न्यायालयाचे निकाल वाचत बसले. याच अलाटूना तळ्यावरून २०१४ मध्ये जॉर्जियातल्या एका परवानाधारकाने आणि एका संघटनेने खटला भरला होता. बंदीला तात्पुरती स्थगिती द्यायला खालच्या कोर्टाने नकार दिला आणि २०१५ मध्ये अपील कोर्टाने तो नकार कायम ठेवला. म्हणणं साधारण असं: ही जागा सरकारच्या मालकीची, करमणुकीसाठी राखलेली, धरणाला लागून आहे, इथे येण्याची सक्ती कुणावर नाही. दुसरीकडे आयडाहोत २०१४ मध्ये एका केंद्रीय न्यायाधीशाने नेमकं उलट ठरवलं. तंबू घरापेक्षा तात्पुरता असला तरी स्वसंरक्षणाच्या हक्काच्या दृष्टीने तो घरासारखाच, असं त्याने म्हटलं. पण तो निकाल आयडाहोपुरता.

मला आयडाहोचा न्यायाधीश पटतो. धरणाच्या भिंतीजवळ, बोटींच्या धक्क्यावर, पोरांच्या गर्दीत बंदूक नको, हे मीही म्हणेन. पण रात्री लेकीला कुशीत घेऊन झोपते ती जागा माझ्यासाठी घरच असते. हे मत मी अर्जात लिहिलं नाही.

पाच आठवड्यांनी पत्र आलं. नकार. कारण दोन ओळींत, भाषा सभ्य. बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "लेखी दिलंय ना? मग फाइलला लाव. आणि तिथे नेऊ नकोस."

त्या पाच आठवड्यांत मी बाकीच्या जमिनींचा अभ्यास केला होता, तो मात्र कामी आला. केनेसॉ माउंटन हे नॅशनल पार्क सर्व्हिसच्या, म्हणजे राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याच्या ताब्यातलं, अमेरिकन यादवी युद्धातल्या १८६४च्या लढाईचं मैदान. तिथे पायवाटेवर राज्याचा कायदा चालतो, कारण २००९ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तसा कायदा केला आणि तो फेब्रुवारी २०१०पासून लागू झाला. गंमत अशी की ते कलम क्रेडिट कार्डांच्या कायद्यात घातलेलं होतं. पण तिथल्या माहिती केंद्राच्या दारातून आत शिरलात की बंदी, कारण ती केंद्र सरकारची इमारत. म्हणजे लेकीला नकाशा हवा असेल तर आधी पिस्तूल गाडीतल्या पेटीत कुलूपबंद करायचं, मग आत जायचं. स्मोकी माउंटन्सलाही पार्क सर्व्हिसच, पण डोंगराच्या धारेवरून टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाची सीमा जाते, त्यामुळे धार ओलांडली की राज्य बदलतं आणि कायदाही. चॅटाहूचीचं जंगल वन खात्याचं. तिथे बाळगायला राज्याचा कायदा, पण तंबूंच्या जागेपासून, घरांपासून दीडशे यार्डांच्या आत गोळी झाडायची नाही, रस्त्यावरून किंवा पाण्यावरून तर नाहीच. आणि वाटेतल्या गावात पोस्टात पाकीट टाकायला थांबलात, तर पोस्टाच्या वाहनतळावरसुद्धा पिस्तूल चालत नाही. हे मला सगळ्यात शेवटी कळलं. तोपर्यंत मी निदान दोनदा तरी तशी थांबले असेन.

हे सगळं मी एका कागदावर लिहून गाडीच्या खणात ठेवलंय: जागा, खातं, त्या दिवशी फोनवर कोणत्या हुद्द्याच्या माणसाने काय सांगितलं, तारीख. २०२२च्या एप्रिलमध्ये जॉर्जियाने परवान्याची अटच काढून टाकली, तेव्हा इथल्या आमच्या मराठी मंडळातले काही जण म्हणाले, आता काय, कुठेही न्या. कागद काढून दाखवला. राज्याने आपला कायदा बदलला, तळ्याच्या फाटकाचा नाही. तुम्ही जाल त्या दिवशी त्या जागेच्या कार्यालयाला फोन करा आणि पहिला प्रश्न खात्याचा विचारा.

मे महिन्यात आम्ही तळ्यावर गेलोच. पिस्तूल घरी, धनुष्य घरी. रेंजरबाईंना सांगून त्यांच्या चौकीजवळची जागा मागून घेतली होती. तंबूच्या दोन्ही चेन आतून एकत्र बांधल्या, शिटी लेकीच्या गळ्यात, मोठी विजेरी माझ्या उशाशी. ती दहा मिनिटांत झोपली. मला दोनदा जाग आली. दुसऱ्यांदा उठले तेव्हा पहाट व्हायची होती. बाहेर वाळूवर चाकांचा आवाज आला, दिव्यांचा झोत तंबूवरून सरकत गेला. मी शिटीकडे हात नेला. मग गाडीच्या दारावरची कोअरची खूण दिसली, लाल रंगातला छोटा किल्ला, आणि मी परत आडवी झाले. पण झोप लागली नाही.