‘नीट चाल’ सांगणारा मित्र

नववीचा वर्ग, सलग दोन तास, बाकं भिंतीला लावलेली. आमच्या नाट्यगटाचं नाटक आठ मिनिटांचं. मधल्या सुट्टीत एका मुलाला ‘बायल्या’ म्हणत मुतारीत शिरू देत नाहीत आणि नळावरचे दोघं नुसते बघत राहतात. शेवट वाईटच. मग तेच नाटक पुन्हा सुरू होतं, आणि या वेळी प्रेक्षकांतलं कुणीही ‘थांबा’ म्हणून त्या मुलाची, मित्राची किंवा बघ्याची जागा घेऊ शकतं. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी १९७०च्या दशकात घडवलेलं हे फोरम थिएटर. छळणाऱ्याची जागा मात्र कुणाला देत नाही. दिली की मुलं त्याला क्षणात शहाणा करून टाकतात आणि प्रश्न जादूनं सुटतो.

त्या मुलाचं काम करणारा नट लचकत नाही, आवाज बारीक करत नाही, याबाबत आम्ही फार कडक आहोत. तसं केलं की वर्ग हसतो, आणि ते हसू तिथेच बसलेल्या एखाद्या खऱ्या मुलाला लागतं. तो साधाच चालतो. तो गे आहे, ट्रान्स आहे की यातलं काहीच नाही, हेही नाटकात येत नाही.

त्या दिवशी पहिला ‘थांबा’ एका उत्साही मुलाचा. मित्र म्हणून आला आणि नटाला चालायला शिकवू लागला. छाती पुढे, हात असे. अगदी मनापासून. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मागून एक शिक्षक म्हणाले, ‘हेच तर आम्ही सांगतो.’ शिक्षकांनी बसावं पण बोलू नये, हे आधी ठरलेलं असतं. ते बोलले की मुलं उत्तर त्यांच्या चेहऱ्यावर शोधू लागतात. पण त्यांना तरी कुणी काय शिकवलंय? ट्रान्सजेंडर मुलांविषयी एनसीईआरटीनं शिक्षकांसाठी काढलेली पुस्तिका २०२१ मध्ये तक्रारी होताच संकेतस्थळावरून हटवली गेली.

सूत्रधाराला आम्ही जोकर म्हणतो. त्यानं चूक-बरोबर ठरवायचं नसतं. ‘करून बघू,’ एवढंच मी म्हणालो. नट शिकवल्याबरहुकूम चालला. छळणारे तरीही ‘बायल्या’च म्हणाले; खरा दबाव आल्याशिवाय माघार घ्यायची नाही, हे तालमीतच पक्कं केलेलं असतं. वर्ग गप्प झाला.

मग एक मुलगी उठली. मैत्रीण म्हणून दारापर्यंत गेली, तर सगळे ओरडले, ‘मुलांची आहे ती!’ ती वळली आणि नळावरच्या दोघांना म्हणाली, ‘मी नाही जाऊ शकत. तुम्ही जाता ना रोज?’ एकाला मनगट धरून दाराशी उभं केलं. छळणाऱ्यांना खरोखरच पुढचं वाक्य सुचेना.

शेवटी मनातलं लिहायला चिठ्ठ्या वाटतो. ज्याला लिहायचं नाही त्यानंही रेघोट्या मारायच्या; नाहीतर कोण लिहितंय ते शेजाऱ्याला कळतं. खालच्या पट्टीवर समुपदेशकाची वेळ असते, ती सगळ्यांनीच फाडून न्यायची. लैंगिक अत्याचाराचं काही निघालं तर पोक्सो या बालसंरक्षण कायद्यानुसार कळवावंच लागतं, हे वाटतानाच सांगतो. मुख्याध्यापकांनी चिठ्ठ्या बघायला मागितल्या, दिल्या नाहीत.

त्या टाळ्यांवरून आमच्या गटात अजून वाद चालू आहे. सहकारी म्हणते, चाल सुधारण्याचा धडा सुरू होताच थांबवायला हवा, कारण ज्याच्यावर बेततं तोही त्या टाळ्या ऐकत असतो. मी म्हणतो, हा सल्ला त्याला घरी रोज मिळतो. तो सल्ला फसताना सगळ्यांसमोर दिसायची जागा हीच. तिचं म्हणणं मला पुरतं खोडता आलेलं नाही.