पाय बधिर, पण नस ठणठणीत

उजव्या पावलाची बाहेरची कड आणि करंगळी बधिर झाली होती. चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही. न्यूरॉलॉजिस्टनी घोट्यामागे हातोडी मारली, पाऊल जागचं हललं नाही. त्यांनी एनसीव्ही लिहून दिली, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने नि जोराने जातो ते बारीक शॉक देऊन पाहायची तपासणी.

तपासणीच्या खोलीत एसी जोरात होता. तपासणी करणाऱ्या ताईंनी आधी माझे पाय ब्लँकेटमध्ये गुंडाळून शेकले. गार नसेतून संदेश हळू जातो, धडधाकट माणसाचाही रिपोर्ट बिघडलेला दिसतो. त्वचा ३२ अंशांच्या वर गेल्यावरच त्यांनी मशीन सुरू केलं.

पहिल्या शॉकांना पायाची बोटं आपोआप उडत होती. मग आली स्यूरल नर्व्ह. ही पोटरीच्या मागून उतरते, बाहेरच्या घोट्यामागून वळते आणि करंगळीपर्यंत जाते. काम फक्त संवेदना नेण्याचं, स्नायू हलवण्याचं नाही. ताईंनी घोट्यामागे इलेक्ट्रोड चिकटवले, टेपने १४ सेंटीमीटर वर मोजून पोटरीवर पेनाने खूण केली आणि तिथे शॉक दिला. रबरबँड ताणून सोडल्यासारखा चटका. पाय ढिम्म, स्क्रीनवर मात्र इवलीशी लाट. व्होल्टच्या दशलक्षांशात मोजायची म्हणून तीच ती पुन्हा पुन्हा घेऊन सरासरी काढतात.

रिपोर्ट आला : लाटेची उंची १५ मायक्रोव्होल्ट. साधारण ६ च्या वर असलं की ठीक. म्हणजे बधिर भागाचीच नस उत्तम! मी चक्रावलो, डॉक्टर मात्र खूश दिसले. त्यांनी कागदावर मणका काढून दाखवला. या नसेच्या पेशी पायात नसतातच. त्या कंबरेत, मणक्याशेजारच्या एका गाठीत असतात. दाब ती गाठ आणि मज्जारज्जू यांच्या मधे पडला, तर संदेश मेंदूपर्यंत पोचत नाही, पण गाठीपासून करंगळीपर्यंतची तार जिवंत राहते. नस पायातच खराब असती, तर लाट खुजी झाली असती किंवा दिसलीच नसती.

पोटरीत सुई घालून ईएमजीही केली, म्हणजे स्नायूतल्या विजेची तपासणी. खरं दुखलं ते तेव्हा. एमआरआयमध्ये कंबरेच्या शेवटच्या मणक्याखालची गादी सरकून एस-१ मुळावर, म्हणजे या नसेच्या कण्यातल्या मुळावर, टेकलेली दिसली. ऑपरेशनची घाई नाही म्हणाले. सध्या फिजिओथेरपी चालू आहे.

कुणाला ही तपासणी करायची असेल तर पायाला तेल किंवा क्रीम लावून जाऊ नका, सैल पायजमा घाला. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर आधीच सांगा.