कोळी पाण्यात पडूनही कोरडा कसा?

परवा बादलीत एक छोटा कोळी पडलेला, पाण्याखाली होता तेव्हा पोट चांदीचा पत्रा लावल्यासारखं चमकत होतं, आणि काडीने बाहेर काढला तर कोरडा ठाक, लगेच पळाला पण. ती चमक म्हणजे हवा, अंगावरच्या केसांत अडकलेला हवेचा पातळ थर.

मला आधी वाटायचं अंग मेणकट असतं म्हणून पाणी लागत नाही. पण नुसत्या मेणाने एवढं होत नाही हो, खरं काम खडबडीतपणाचं. मेणकट अंगावर बारीक बारीक उंचवटे असले की थेंब फक्त टोकांवर टेकतो, मधे हवा राहते, थेंब गोल होऊन घरंगळतो. अळवावरचं पाणी, तेच गणित.

कोळ्यांनी हे केसांनी जमवलंय. पण मला सगळ्यात भारी वाटतो तो व्हिप स्पायडर, जो नावाला स्पायडर पण खरा कोळी नाहीच, ना विष ना जाळं, चपटं अंग आणि पुढचे दोन पाय चाबकासारखे लांबच लांब. हा चक्क अंगाला लेप लावतो! कात टाकली की त्वचेतून स्राव येतो, त्यात अतिसूक्ष्म गोळ्या असतात, त्या आपोआप रचल्या जातात आणि लेप वाळून घट्ट होतो, शिवाय प्रत्येक गोळीवर आणखी बारीक उंचवटे. संशोधकांनी हे २०१६ साली मांडलं. मी वाचून कितीतरी वेळ नुसता फोटो बघत बसलो.

यातली फ्रायनस मार्जिनेमॅक्युलॅटस ही जात पाण्याखाली २४ तासांहून जास्त जगते. हवेचा थर फुफ्फुसांच्या तोंडापर्यंत पोचलेला असतो, त्यातला ऑक्सिजन कमी झाला की पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आत शिरतो, म्हणजे कल्ल्यासारखंच काम. पाण्यातच राहणारा अर्जिरोनेटा कोळी जाळ्याच्या घुमटात हवेचा बुडबुडा साठवतो, पण त्यातला नायट्रोजन हळूहळू पाण्यात जातो, बुडबुडा आकसतो, त्याला मधूनमधून वर येऊन हवा आणावीच लागते. व्हिप स्पायडरचा थर लेपाच्या खाचांनी धरून ठेवलेला, तो तसा आकसत नाही.

फक्त पाण्यात साबण असेल तर सगळं फसतं, पृष्ठताण कमी होतो आणि पाणी केसांत घुसून हवेला बाहेर ढकलतं. म्हणून साबणाच्या पाण्यात कोळी दिसला तर बघत बसू नका, आधी बाहेर काढा.